हिस्टोनवरची खूण: तिला घंटा म्हणू नका

डीएनए तुटला की हिस्टोनवर एक खूण उमटते, ती धोक्याची घंटा वाजवते आणि दुरुस्तीवाली प्रथिनं धावत येतात. ही गोष्ट तुम्ही कुठल्या ना कुठल्या लेक्चरच्या स्लाइडवर पाहिली असेलच. ऐकायला छान वाटते. पण यीस्टवरचे मूळ प्रयोग शांतपणे वाचले तर त्यात घंटा फारशी ऐकू येत नाही.

१९९८ साली विल्यम बॉनर यांच्या गटाने दाखवलं की, सस्तन प्राण्यांच्या पेशीत डीएनएचे दोन्ही धागे तुटले की काही मिनिटांत एच२एएक्स या हिस्टोनवर फॉस्फेट बसतं. आता हे फॉस्फेट कामाचं आहे, की नुसतं जाता जाता पडलेलं पाऊल? माणसाच्या पेशीत हे तपासणं तेव्हा किचकट होतं, कारण तिथे एच२एची जनुकं डझनाहून जास्त. ब्रेड फुगवणाऱ्या यीस्टमध्ये मात्र दोनच, आणि यीस्टच्या नेहमीच्या एच२एलाच ती खुणेची शेपटी असते. दोन्ही जनुकं बदलली की काम झालं.

जेसिका डाऊन्स, नोएल लाउंड्स आणि स्टीफन जॅक्सन यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये नेमकं हेच मांडलं. शेपटीत शेवटून चौथं, १२९ क्रमांकाचं सेरीन असतं. इजा झाली की मेक१ हे एन्झाइम त्यावर फॉस्फेट लावतं. ते सेरीन काढून टाकलं तर पेशी मरत नाही, एरवी व्यवस्थित वाढते. पण एमएमएससारखं डीएनए बिघडवणारं रसायन दिलं की कमी पडते, आणि टोकाला टोक जोडायची दुरुस्ती तिला नीट जमत नाही.

मला हा निबंध आवडतो तो त्याच्या मापामुळे. शीर्षकातच ‘अ रोल’ आहे, म्हणजे दुरुस्तीत हिस्टोनची ‘एक’ भूमिका. दावा तेवढाच. खुद्द मेक१ किंवा रॅड५२ नसलेल्या पेशींची इजेपुढे जी दाणादाण उडते, तिच्यापुढे हा बिघाड सौम्य आहे. ही खूण खरंच एकमेव घंटा असती तर ती कापल्यावर दुरुस्ती ठप्प व्हायला हवी होती. तशी ती होत नाही. निबंधाची दुसरी बाजू मला कमी पटते: खुणेमुळे क्रोमॅटिन सैल होतं, अशी सूचना त्यात आहे. नंतर इतरांनी तपासलं तेव्हा तिला भक्कम आधार मिळाला नाही. तरी ‘सैल होतं, मग मेकॅनिक आत शिरतो’ हे वाक्य अजून फिरतंय.

घंटेला खरा धक्का बसला तो पुढच्या चार वर्षांत. २००३ साली आंद्रे नुसेन्झ्वाइग यांच्या गटाने उंदराच्या पेशींत दाखवलं की, एच२एएक्स नसतानाही दुरुस्तीची प्रथिनं तुटलेल्या जागी पोचतात. पोचतात, पण नंतर तिथे गर्दी करून टिकत नाहीत. २००४ साली यीस्टमध्ये एचओ या एन्झाइमने ठरलेल्या एकाच जागी डीएनए कापून खूण कुठे पसरते ते मोजलं गेलं. दोन्ही बाजूंना साधारण ५० हजार बेसपर्यंत ती सापडली. पण अगदी तुटलेल्या टोकाशी, हजार-दोन हजार बेसमध्ये, जवळपास नाहीच! तुटलेली टोकं धरणारं एमआरई११ बसतं ते मात्र नेमकं तिथेच.

हे चित्र मोटरवेवरच्या कामासारखं आहे. खड्ड्यात कोन ठेवत नाहीत. खड्ड्याच्या मागेपुढे लांबवर रांगेत ठेवतात. कोन कामगारांना बोलावत नाहीत, जागा राखतात. त्याच वर्षी आलेले इतर निबंध याला जुळतात: खूण असलेल्या पट्ट्यात कोहेसिन चढतं आणि शेजारच्या जुळ्या डीएनएला घट्ट धरून ठेवतं, म्हणजे तिच्यावरून नक्कल करता येते. आयएनओ८० हे न्यूक्लिओसोम सरकवणारं यंत्रही या खुणेला चिकटतं. (कोनांना काही चिकटत नाही, तेव्हा माझी उपमाही इथे थांबते.)

हा नुसता शब्दांचा कीस नाही. आज कितीतरी लॅबमध्ये रेडिएशन किंवा कॅन्सरचं औषध दिल्यावर पेशीतले या खुणेचे चमकते ठिपके मोजतात. ठिपके वाढले म्हणजे डीएनए तुटला, गेले म्हणजे सांधला, असा हिशेब. घंटा मानली तर हिशेब सरळ वाटतो: आग विझली, घंटा बंद. पण २००६ मध्ये यीस्टमध्येच पीपीएच३ हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम सापडलं. ते नसेल तर डीएनए सांधल्यावरही खूण मागे रेंगाळते आणि थांबलेली पेशी पुन्हा विभाजनाला लागायला उशीर करते. उलट, खूण असलेला हिस्टोनच डीएनएवरून निघाला, तर त्या जागेवरून ती पीपीएच३शिवायही जाते. म्हणजे खुणेचं घड्याळ वेगळं आणि दुरुस्तीचं वेगळं. तेव्हा तुमच्या जर्नल क्लबमध्ये ठिपक्यांचा उतरता आलेख आला, की सादर करणाऱ्याला एवढंच विचारा: टोकं जुळली हे वेगळं मोजलंय का?