खेळसंहितेतील काठिण्य आणि अधिकारविचार : ‘सेकिरो’ व ‘सेलेस्ट’ यांच्या संदर्भात

काव्य कोणासाठी असते, हा प्रश्न संस्कृत साहित्यविचारात अनेकदा आडवळणाने आला असला तरी भट्टी आणि भामह यांच्या निमित्ताने तो अगदी समोरासमोर उभा राहतो. रामकथेच्या आधारे पाणिनीय व्याकरणाची उदाहरणे गुंफणाऱ्या आपल्या महाकाव्याच्या अखेरीस भट्टी सांगतो की, हे काव्य टीकेच्या साहाय्यानेच कळणारे आहे. बुद्धिमंतांना तो उत्सव वाटेल, मंदबुद्धींचा मात्र येथे निभाव लागणार नाही, कारण कवीला विद्वान प्रिय आहेत. भामहाच्या ‘काव्यालंकारा’त जवळजवळ हेच विधान उलट्या रोखाने येते : काव्येही शास्त्राप्रमाणे टीकेवाचून कळेनाशी झाली तर उत्सव केवळ बुद्धिमंतांचा, बाकीचे बिचारे मारले गेले. दोघांपैकी आधीचा कोण आणि उत्तर कोणी कोणाला दिले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. येथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की, काठिण्य हा काव्याचा गुण मानावा की वाचकावरील अन्याय, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच उपमेच्या आधारे मांडल्या गेल्या आणि त्या उपमेत न कळणे म्हणजे मरणे होते.

व्हिडिओ खेळांच्या बाबतीत ही उपमा अक्षरशः खरी ठरते. २०१९ च्या मार्चमध्ये हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी संस्थेने सिद्ध केलेला ‘सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस’ हा खेळ प्रकाशित झाला. त्यात काठिण्याची पातळी निवडण्याची सोय नव्हती. त्यावरून इंग्रजी खेळसमीक्षेत जो वाद पेटला, त्यातील एक पक्ष भट्टीचा होता व दुसरा भामहाचा. आपल्या युक्तिवादांचे वय किती आहे, याची जाणीव मात्र दोहोंपैकी कोणालाही नसावी. मियाझाकी यांची भूमिका थोडक्यात अशी की, सर्व खेळणाऱ्यांना चर्चेच्या आणि आनंदाच्या एकाच भूमीवर आणायचे असेल तर संहिता सर्वांना सारखीच हवी. प्रतिपक्षाचे म्हणणे, ज्याचे हात मंद आहेत किंवा ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे, त्याने पुस्तक विकत घेऊन पहिल्या प्रकरणापाशीच का थांबावे?

पुस्तकाची ही उपमा सोयीची असली तरी फसवी आहे. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात जिच्यातून वाट काढण्यासाठी वाचकाला खरेखुरे श्रम करावे लागतात अशा संहितेला ‘अर्गॉडिक’ हे नाव दिले. छापील कादंबरी कितीही दुर्बोध असली तरी तिचे शेवटचे पान उघडण्यापासून वाचकाला कोणी अडवीत नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर दुर्बोधतेचा आक्षेप घेणाऱ्या वाचकालाही तो अथपासून इतिपर्यंत वाचता येत होता; अडचण होती ती अर्थाची. खेळात पुढचे पान वाचकाच्या कौशल्याने कुलूपबंद असते. म्हणूनच ‘दुर्बोधता’ हा मराठी समीक्षेतील रुळलेला शब्द येथे अपुरा पडतो आणि ‘काठिण्य’ ही वेगळी संज्ञा योजावी लागते. जॉर्ज स्टायनर यांनी १९७८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दुर्बोधतेचे चार प्रकार कल्पिले : संदर्भ शोधून दूर होणारी, वाचकाच्या वृत्तीशी न जुळल्यामुळे जाणवणारी, कवीने हेतुतः योजलेली आणि भाषेच्या अस्तित्वालाच हात घालणारी. यांपैकी तिसरा प्रकार खेळांतील काठिण्याला बराचसा लागू पडतो. परंतु बोटांच्या गतीला या चौकटीत कोठेच जागा नाही, आणि वादाचे मूळ तर तेथेच आहे.

एकीकडे हेही ध्यानात घ्यावे लागते की, ‘निर्मात्याला अभिप्रेत असलेले मूळ काठिण्य’ ही कल्पना ऐतिहासिकदृष्ट्या फारशी शुद्ध नाही. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या खेळात शत्रू कमी होत जातात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. कलात्मक चढता ताण म्हणून ज्याची वाखाणणी होते, तो परिणाम आधी यंत्राच्या मर्यादेतून निपजला; आकृत्या कमी झाल्या की त्या चितारण्याचा भार हलका होई आणि गती वाढे. निर्मात्याने तो अपघात राहू दिला, हे त्याचे श्रेय. नाण्यावर चालणाऱ्या खेळयंत्रांच्या काळात तर खेळणारा लवकर हरणे हा धंद्याचाच भाग होता, आणि यंत्राच्या आतील लहान खटक्यांनी काठिण्य कमीजास्त करण्याची सोय दुकानमालकाच्या हाती होती. म्हणजे सोपी पातळी त्या काळीही अस्तित्वात होती, फक्त तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. घरगुती खेळांत ही किल्ली खेळणाऱ्याकडे आली, पण ती देताना त्याला हिणवण्याची रीतही पडली. ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ (१९९२) मध्ये सर्वांत सोपी पातळी निवडू पाहणाऱ्याला नायकाचा चेहरा तान्ह्या मुलाचे टोपडे घातलेला व तोंडात चोखणी असलेला दिसतो. भट्टीच्या मंदबुद्धी वाचकाचे हे चित्ररूपच म्हणावे लागेल.

‘सेकिरो’च्या पक्षाला मात्र इतक्या सहज मोडीत काढता येत नाही, कारण या खेळात काठिण्य अर्थनिर्मितीत सहभागी आहे. सेंगोकू काळातील जपानच्या कल्पित प्रदेशात घडणाऱ्या या कथेचा नायक एक शिनोबी आहे आणि त्याला मरून पुन्हा उठण्याची शक्ती लाभलेली आहे. ही शक्ती फुकटची नाही. तो वारंवार मरून उठत राहिला की, त्याला वाटेत भेटलेली सामान्य माणसे खोकू लागतात. त्याच्या पुनर्जन्माची किंमत त्यांच्या प्राणशक्तीतून वसूल होत असते. खेळणाऱ्याचे अपयश अशा रीतीने कथेतील इतरांच्या देहावर रोगरूपाने उमटते. अमरत्व हा वर नसून प्रदूषण आहे, हे कथेचे आशयसूत्र संवादांतूनही सांगितले जाते. परंतु ज्या वृद्धेशी काल दोन शब्द बोलणे झाले, तिचा खोकला आज आपल्या चुकांमुळे ऐकू येतो, तेव्हा ते सूत्र माहितीच्या पातळीवर राहत नाही. जो कधी मरतच नाही, त्याच्यापुरता हा रोग जवळजवळ घडतच नाही. द्वंद्वयुद्धाची रचनाही अशीच अर्थपूर्ण आहे. प्रतिस्पर्ध्याच्या प्राणांपेक्षा त्याचा तोल मोडणे महत्त्वाचे, आणि माघार घेऊन दम खाणाऱ्याला शत्रूचा तोल पुन्हा सावरलेला आढळतो. भीतीवर मात करून पात्याला पाते भिडवीत उभे राहणे ही कृती खेळणाऱ्याला स्वतः शिकावी लागते. श्क्लोव्स्की यांनी १९१७ मध्ये कलेचे कार्य म्हणून संवेदनेला अवघड व दीर्घ करण्याचा जो विचार मांडला, त्याचे इतके शारीर उदाहरण छापील साहित्यात सापडणे कठीण.

तरीही याच खेळात एक घंटा आहे. डोंगरावरील सेनपो मंदिराच्या परिसरात आडबाजूला असलेली ही घंटा वाजविली की शत्रू अधिक बलवान होतात आणि त्या बदल्यात प्राप्तीही वाढते. शिवाय पहिले पारायण संपल्यावर नायकाला आपल्या बालस्वामीने दिलेले रक्षक ताईत परत करता येते; मग तलवारीने अचूक वेळ न साधता केलेला बचाव पुरा पडत नाही. म्हणजे समर्थासाठी संहिता अधिक कठीण होऊ शकते, इतकेच नव्हे तर ते कठीण होणे कथेच्या भाषेत, घंटा आणि ताईत यांच्या रूपाने, गुंफले जाते. सर्वांसाठी एकच संहिता हे तत्त्व येथेच सुटले. उरतो तो एवढाच प्रश्न की, उलट दिशेने वाजणारी घंटा या मंदिरात का नसावी? त्याचे समाधानकारक उत्तर ‘सेकिरो’च्या समर्थकांकडून मिळालेले दिसत नाही.

‘सेलेस्ट’ (२०१८) या मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या प्रमुख सहभागातून घडलेल्या खेळाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. मॅडलिन नावाची एक तरुणी चिंता आणि खिन्नतेशी झगडत एक पर्वत चढते. तिच्या मनातील भेदरलेला, कडवट अंश आरशातून बाहेर पडून तिचा पाठलाग करतो. येथेही काठिण्य आशयाशी निगडित आहे आणि एका पडद्यावर शंभरदा मरणे ही सामान्य गोष्ट आहे. मरणांची मोजदाद खेळ राखून ठेवतो, पण तिची लाज वाटू नये असेही खेळणाऱ्याला आरंभीच सुचवितो. याखेरीज साहाय्याची एक स्वतंत्र व्यवस्था आहे. तीत ‘सोपे’ या एका शब्दाऐवजी वेगवेगळे पर्याय येतात : खेळाचा वेग टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत कमी करणे, कड्याला धरून राहण्याचे बळ अमर्याद करणे, हवेतील झेपा वाढविणे, मृत्यूच टाळणे, संपूर्ण प्रकरण ओलांडून जाणे. या व्यवस्थेच्या आरंभीची सूचना काठिण्य हे अनुभवाचे सार असल्याचे सांगत असे; पुढे तिच्यातील उपदेशाचा सूर काढून टाकण्यात आला. टोपडे घातलेल्या नायकापासून येथवरचा प्रवास लहान नाही.

हे पर्याय एकाच मापाने मोजणे मात्र चुकीचे ठरेल. वेग कमी करणारा पर्याय संहितेला फारसा धक्का लावीत नाही. ज्याच्या हाताला एखादी उडी साधण्यासाठी दीडपट वेळ लागतो, तो सत्तर टक्के वेगावर कदाचित तितक्याच वेळा मरेल, तितकाच चिडेल आणि तितक्याच उशिरा शिखरावर पोहोचेल. काठिण्य हे संहिता आणि वाचक यांमधील अंतराचे नाव आहे असे मानले, तर येथे ते अंतर इतरांइतके केले गेले. मियाझाकी यांना अभिप्रेत असलेली चर्चेची समान भूमी उलट अशाच मार्गाने लाभण्याची शक्यता अधिक. ‘सेकिरो’तील खोकल्याच्या साथीचा अर्थही मरणांच्या संख्येवर अवलंबून आहे, तलवारीच्या निरपेक्ष गतीवर नाही.

मृत्यू टाळण्याच्या वा प्रकरण ओलांडण्याच्या पर्यायाविषयी असे म्हणता येत नाही. कथेच्या उत्तरार्धात मॅडलिन आपल्या प्रतिरूपाला मागे सोडून जाऊ पाहते तेव्हा ते तिला पर्वतावरून खाली लोटते. त्या कोसळण्याचे दुःख चढलेल्या उंचीच्या प्रमाणात असते, आणि ज्याने ती उंची स्वतः चढलेली नाही त्याच्यापाशी गमावण्यासारखे थोडेच असते. ही हानी खरी आहे. सोप्या पातळीचे समर्थक ती नाकारतात तेव्हा ते आपलीच बाजू दुबळी करतात. मात्र ही हानी कोणाच्या तुलनेत मोजायची, हेही विचारले पाहिजे. संक्षिप्त आवृत्ती वाचणाऱ्याची तुलना पूर्ण ग्रंथ वाचणाऱ्याशी करण्याची आपल्याला सवय आहे. येथे ती पहिल्याच कड्याखाली खेळ बंद करणाऱ्याशी करावी लागते. आणि ज्यांना साहाय्य नको असते त्यांनाही ते मिळालेलेच असते. ‘सेलेस्ट’मध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही क्षणांश उडी मारता येते, कळ थोडी आधी दाबली तरी ती मान्य होते. या सवलती पडद्यावर कोठेच लिहिलेल्या नाहीत. आपण विनासाहाय्य शिखर गाठले असे मानणारा खेळगडी त्यांच्याच बळावर तेथे पोहोचलेला असतो.

मराठी वाङ्मयेतिहासात याला समांतर असे एक उदाहरण आहे. ‘लीळाचरित्रा’चे गद्य साधे आणि बोलीच्या जवळचे, पण महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ आदी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केल्यामुळे शतकानुशतके ते पंथाबाहेरच्या वाचकाला वाचता आले नाहीत. संकेत उलगडला तेव्हा ग्रंथ सोपा झाला असे कोणी म्हटले नाही. तो वाचता येऊ लागला एवढेच. दृष्टी अधू असलेल्या, ऐकू न येणाऱ्या किंवा एकाच हाताने खेळणाऱ्या व्यक्तींसाठी ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ (२०२०) मध्ये साठाहून अधिक सोयी आहेत. त्यांतील बहुतेकांची जात लिप्यंतराची आहे. त्यांना सोप्या पातळीच्या वादात ओढणे हा विचारांचा गोंधळ होय.

संस्कृत परंपरेत भट्टीहून अधिक सूक्ष्म भूमिका श्रीहर्षाची आहे. ‘नैषधीयचरिता’च्या शेवटी तो कबूल करतो की, आपण या ग्रंथात ठिकठिकाणी हेतुतः गाठी मारून ठेवल्या आहेत, स्वतःला शहाणा समजणाऱ्या दुर्जनाने याच्याशी खेळू नये म्हणून, आणि त्याने योजलेले क्रियापद खरोखरच खेळण्याचे आहे. परंतु तो पुढे असेही म्हणतो की, श्रद्धेने गुरूची सेवा करून ज्याने या गाठी सैल करून घेतल्या, त्या सज्जनाला रसाच्या लाटांत डुंबण्याचे सुख लाभावे. गाठी मारणे आणि त्या सोडविणाऱ्याची वाट मोकळी ठेवणे, दोन्ही येथे कवीच्याच योजनेत बसते. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या ‘डार्क सोल्स’ (२०११) मध्ये अनोळखी खेळगड्यांना साहाय्यासाठी बोलावता येते आणि ‘एल्डन रिंग’ (२०२२) मध्ये मृतांचे आत्मे साथीला येतात. त्यांच्या तुलनेत ‘सेकिरो’चा नायक सर्वस्वी एकटा आहे. त्याचे एकटेपण कथेला शोभते. खेळणाऱ्याचे एकटेपण तिला तितकेच आवश्यक होते की काय, हे या खेळाच्या कोणत्याही भागातून सिद्ध होत नाही.

भट्टीच्या काव्याचे पुढे काय झाले, हेही येथे नोंदवणे उचित ठरेल. ते टीकांच्या आधारानेच, त्याने भाकीत केल्याप्रमाणे, पाठशाळांतून वाचले गेले. पण त्याच्या आधारावर जावामध्ये प्राचीन जावानी भाषेत रामायण काकाविन रचले गेले. त्या भाषेत पाणिनीच्या सूत्रांची उदाहरणे टिकणे शक्यच नव्हते. ज्या गाठींसाठी मूळ काव्य लिहिले गेले, त्या तेथे पोहोचल्याच नाहीत. रामकथा पोहोचली, आणि जावानी कवीने तिच्यात आपल्या गाठी नव्याने मारल्या.