केहीमकरांच्या इतिहासग्रंथातील बेने इस्रायली सण, आहारनियम आणि संस्कार : एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

मराठी भाषा आणि मराठी समाज यांचा विचार करताना आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत जे धर्मसमूह गृहीत धरले जातात, त्यांत ज्यू समाजाचा समावेश क्वचितच असतो. वर्धा जिल्ह्यातील वाचकाला ज्यू धर्माचा परिचय होतो तो बहुधा दोन वाटांनी. एक वाट सेवाग्रामची आहे. हर्मन कालेनबाख हे गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतील ज्यू सहकारी 1939 मध्ये तेथे येऊन राहिले होते आणि ज्यूंच्या प्रश्नावरील गांधीजींचा बहुचर्चित लेख 'हरिजन'च्या 26 नोव्हेंबर 1938 च्या अंकात प्रसिद्ध झाला होता. दुसरी वाट पवनारची आहे. विनोबांच्या सर्वधर्म नाममालेत 'यह्व' हे नाव येते आणि धाम नदीच्या काठी ते आजही उच्चारले जाते. मात्र या दोन्ही वाटांनी भेटणारा ज्यू हा परदेशी असतो किंवा केवळ एक ईश्वरनाम असते. ज्याची मातृभाषा मराठी आहे, ज्याचे आडनाव पेणकर, रोहेकर, दिवेकर वा नवगावकर आहे आणि ज्याच्या सणांची नावे कोकणातल्या स्वयंपाकघरात घडलेली आहेत, असा ज्यू या वाटांवर भेटत नाही. तो भेटतो बेने इस्रायल समाजाच्या इतिहासात.

या समाजाचा पहिला विस्तृत इतिहास त्याच समाजातील हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी लिहिला. 1875 मध्ये मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा सुरू करण्यात पुढाकार घेणाऱ्या केहीमकरांनी 'द हिस्टरी ऑफ द बेने इस्रायल ऑफ इंडिया' हा इंग्रजी ग्रंथ 1897 मध्ये सिद्ध केला. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांच्या संपादनाखाली तो 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रकाशित झाला. पुढील जवळजवळ प्रत्येक अभ्यासक या ग्रंथाचा आधार घेतो. प्रस्तुत लेखात त्यातील सण, आहारनियम व संस्कारविषयक मांडणीचे चिकित्सक वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. हा ग्रंथ माहितीचा कोश म्हणून वापरला गेला. वस्तुतः तो एक युक्तिवाद आहे आणि युक्तिवाद म्हणूनच त्याचे मूल्यमापन व्हावयास हवे, ही या लेखाची भूमिका आहे.

सणांची नावे : कथेविना उरलेली कृती

केहीमकरांनी नोंदवलेली सणांची जुनी नावे हा त्यांच्या ग्रंथातील सर्वांत मौल्यवान भाग होय. नव्याचा सण म्हणजे हिब्रू वर्षारंभ, रोश हशाना. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. या दिवशी दारे लावून घेऊन, शुभ्र वस्त्रे नेसून, इतरांचा संपर्क टाळून उपवास केला जाई. त्याच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणत आणि त्या दिवशी दानधर्म व भेटीगाठी होत. याशिवाय खिरीचा सण, पुरीम या उत्सवाला होळीचा सण, वल्हांडणाला अनशी ढाकाचा सण आणि आब महिन्याच्या नवमीच्या उपवासाला बिरड्याचा सण अशी नावे होती.

या नावांकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. यांतील एकाही नावात ज्या घटनेची स्मृती सण जागवतो त्या घटनेचा उल्लेख नाही. वल्हांडण हा मिसरातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा उत्सव आहे. कोकणात मात्र आंबट पातळ पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याच्या कृतीवरून त्याचे नाव पडले. खमीर वर्ज्य करण्याचा मूळ नियम या झाकलेल्या भांड्यात शिल्लक राहिला, कथा मात्र विसरली गेली. आबच्या नवमीला जेरुसलेमच्या मंदिरविध्वंसाचा शोक केला जातो. येथे तो दिवस मोड आणून सोललेल्या वालांच्या बिरड्याने ओळखला गेला. ग्रंथ नाहीत, हिब्रू जाणणारे पंडित नाहीत, अशा स्थितीत अनेक पिढ्या काढलेल्या समाजाने धर्म जपला तो घरातील कृतींच्या आधारे, आणि त्या कृतींचा भार बहुतांशी स्त्रियांवर होता. केहीमकर नावे देतात, त्यांचे अर्थ सांगतात, पण हा निष्कर्ष ते काढीत नाहीत. त्यांची दृष्टी नावामागे दडलेल्या मूळ हिब्रू सणावर खिळलेली आहे. मराठी नाव त्यांच्या लेखी एक आवरण आहे. ते दूर केले की खरा सण हाती लागतो.

नव्याचा सण हे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्याचा अर्थ नव्या वर्षाचा सण असा दिला जातो आणि तो चुकीचा नाही. परंतु तिश्री महिना भाताचे पीक हाती येण्याच्या सुमारास पडतो आणि कोकणी माणसाच्या कानाला 'नवे' या शब्दात नव्या धान्याचाही ध्वनी ऐकू येतो. शेती आणि तेलाचा घाणा यांवर जगणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे 'शनिवार तेली' म्हणून ओळखल्या गेलेल्या समाजाला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी जाणवत असणे संभवनीय आहे. एका अर्थाची निवड करून दुसरा गाळणे ही इतिहासकाराची गरज होती. ती भाषेची गरज नव्हती.

अनुपस्थितीचा पुरावा आणि त्याच्या मर्यादा

केहीमकरांच्या युक्तिवादाचा गाभा कालनिर्णयाचा आहे. इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास अँटायोकस एपिफेनिसच्या छळामुळे पूर्वजांनी मायभूमी सोडली, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी ही परंपरा आहे. तिच्या समर्थनार्थ सणांचा आधार घेतला जातो. हनुक्का हा सण समाजाला ठाऊक नव्हता. तो मक्काबी उठावानंतरच्या मंदिरशुद्धीचा सण असल्याने पूर्वजांनी त्याआधीच देश सोडला असला पाहिजे, असा हा तर्क आहे.

हा तर्क आकर्षक असला तरी तो टिकत नाही. जो समाज वल्हांडणाची मुख्य कथाही विसरला होता, त्याच्या स्मृतीतून हनुक्का गळून पडणे अशक्य मानता येत नाही. विस्मरण आणि अज्ञान यांत भेद करण्याचे साधन हा युक्तिवाद पुरवीत नाही. बिरड्याच्या सणाबाबतही अडचण आहे. आबच्या नवमीला इसवी सनापूर्वी 586 मधील पहिल्या आणि इसवी सन 70 मधील दुसऱ्या, अशा दोन्ही विध्वंसांचा शोक असतो. त्यामुळे या सणाच्या अस्तित्वावरूनही आगमनकाळ ठरत नाही. लेखी पुरावा फार पुढचा आहे. सार्टोरियस या मिशनऱ्याच्या 1738 च्या पत्रात बेने इस्रायल म्हणवणाऱ्या आणि केवळ 'शमा' ही प्रार्थना जाणणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो. धर्मजागृती घडवणाऱ्या डेव्हिड राहाबी यांच्या काळाविषयीही मतभेद आहेत. केहीमकर त्यांना कित्येक शतके मागे नेतात, तर काही अभ्यासक अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी त्यांचा संबंध जोडतात.

रमजान, नव्याचा रोजा, सबाबी रोजा आणि एलियाहू हनाबीचा उरूस ही नावेही केहीमकरांनीच जपली आहेत. समाजातील तंटे सोडवणाऱ्या व विधी चालवणाऱ्या प्रमुखाला 'काजी' म्हणत. या शब्दांवरून एक गोष्ट उघड होते. बेने इस्रायलांवरील 'हिंदू प्रभाव' हे पुढील अभ्यासांत रूढ झालेले वर्णन अपुरे आहे. या समाजाने शब्द घेतले ते कोकणाच्या सामाईक भाषेतून, आणि ती भाषा हिंदू-मुस्लिम अशा कप्प्यांत विभागलेली नव्हती.

आहारनियम : दैनंदिन सीमारेषा

राहाबींच्या कथेत समाजाच्या ज्यूपणाची कसोटी माशांवर घेतली जाते. त्यांनी निरनिराळे मासे शिजवावयास दिले, तेव्हा स्त्रियांनी पर व खवले असलेले मासे वेगळे काढले. लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांतील नियम त्यांना वचन म्हणून नव्हे, तर सवय म्हणून ठाऊक होता. कोकणाच्या संदर्भात या कथेचे महत्त्व विशेष आहे. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या हे जेथे किनाऱ्यावरील सामान्य माणसाचे अन्न आहे, तेथे त्यांचा त्याग ही बाजारात आणि शेजारात रोज दिसणारी सीमारेषा ठरते. कथेतील परीक्षक पुरुष व विद्वान आहे, परीक्षार्थी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया आहेत आणि उत्तर त्यांच्या हातात आहे. इतिहासग्रंथात मात्र नाव उरते ते परीक्षकाचे.

मांस आणि दूध एकत्र न करण्याच्या नियमाचे कोकणी रूप अधिक बोलके आहे. नारळाच्या दुधाने हा नियम पाळणे सुकर केले. मटणाच्या रश्शात नारळाचे दूध चालते आणि वर्षारंभाला होणारा चिकाचा हलवाही गव्हाचा चीक व नारळाचे दूध यांपासून बनत असल्याने सामिष जेवणानंतर खाता येतो. शब्बाथच्या किद्दूशसाठी द्राक्षमद्याऐवजी मनुका भिजवून केलेले सरबत वापरले जाते. येथे धर्मनियम शिथिल झालेला नाही. तो स्थानिक साधनांनी काटेकोरपणे पाळला गेला आहे. अशा पदार्थांना 'प्रभाव' म्हणणे म्हणजे त्यांतील धर्मनिष्ठा न ओळखणे होय.

संस्कार : मलिदा आणि शुद्धतेचा प्रश्न

आठव्या दिवशीची सुंता, विवाहापूर्वीची मेंदी व हळद, विवाहात वराने गायिलेले हिब्रू गीत, अशी या समाजातील संस्कारांची गुंफण आहे. या साऱ्यांना जोडणारा विधी म्हणजे मलिदा. पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचे स्मरण केले जाते. विवाह, सुंता, गृहप्रवेश वा नवसपूर्ती अशा प्रसंगी मलिदा होतो. अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाहूच्या रथाची खूण खडकावर उमटली, अशी श्रद्धा आहे. ज्यू जगतात एलियाहूचे स्मरण सर्वत्र असले, तरी त्याला पोह्यांचे ताट अर्पण करणे हे बेने इस्रायलांचे वैशिष्ट्य आहे. 'मूळ' आणि 'उसने' अशी विभागणी करणाऱ्या चौकटीत मलिद्याला जागा सापडत नाही, कारण त्यातील संदेष्टा हिब्रू आहे आणि ताट कोकणी.

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही, हे पुढील इतिहासाने दाखवून दिले. इस्रायलमध्ये स्थलांतरित झालेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत तेथील मुख्य रब्बी मंडळाने 1962 मध्ये वंशचौकशीची अट घातली. घटस्फोट, विधवाविवाह व आंतरविवाह यांसंबंधीचे नियम या समाजाने शास्त्रोक्त पाळले होते काय, असा संशय त्यामागे होता. समाजाने तीव्र आंदोलन केले आणि 1964 मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. केहीमकरांनी 1897 मध्ये जी लढाई ग्रंथातून लढवली, तीच सदुसष्ट वर्षांनी रस्त्यावर लढवावी लागली. म्हणून त्यांच्या बचावात्मक सुराला दोष देणे अन्यायाचे ठरेल. सत्तास्थानी असलेल्या परक्या परीक्षकासमोर ते उभे होते. तथापि परीक्षकाची शुद्धतेची कसोटी त्यांनी स्वीकारली आणि तिच्या आधारे उत्तर दिले, ही त्यांच्या ग्रंथाची मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे.

दुसऱ्या दोन संहिता

ही मर्यादा अटळ नव्हती, याची साक्ष दोन वेगळ्या संहिता देतात. पहिली म्हणजे पुण्यात 1874 मध्ये छापलेली सचित्र हग्गादा. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा हा ग्रंथ हिब्रू मूळ व मराठी भाषांतर अशा रूपात सिद्ध झाला. त्यातील चित्रांत साड्या नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी तयार करताना दिसतात. ही संहिता कोणाला काही सिद्ध करून दाखवीत नाही. तिचा वाचक घरातलाच आहे. त्यामुळे साडी आणि बेखमीर भाकरी यांत तिला विसंगती जाणवत नाही. अनशी ढाकाच्या सणाला हरवलेली कथा परत मिळाली ती मराठीतून, ही बाब मराठी भाषेच्या इतिहासात नोंदली जावी इतकी महत्त्वाची आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी केलेली प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे आणि 1880 नंतर बायबलमधील कथांवर रचली गेलेली कीर्तने हा याच प्रवाहाचा भाग होय.

दुसरी संहिता म्हणजे एस्तेर डेव्हिड यांची 'द बुक ऑफ रेचेल' (2006) ही कादंबरी. साहित्य अकादमीने 2010 मध्ये तिला इंग्रजी भाषेसाठीचा पुरस्कार दिला. कोकणात एकट्याने राहून सिनेगॉग सांभाळणारी वृद्ध रेचेल तिच्या केंद्रस्थानी आहे आणि प्रकरणांना पाककृतींची जोड आहे. केहीमकरांनी तपशिलात ठेवलेले स्वयंपाकघर येथे कथनाचा कणा बनते. मात्र येथेही एक धोका संभवतो. समाज स्थलांतरित झाल्यानंतर पाककृती ही स्मरणरंजनाची वस्तू होऊ शकते. नियम पाळण्यातील कष्ट आणि शिस्त मागे पडून केवळ चव उरते. रेचेलचा सिनेगॉगच्या जागेसाठीचा संघर्ष या धोक्यापासून कादंबरीला बऱ्याच अंशी वाचवतो.

निष्कर्ष

केहीमकरांच्या ग्रंथाविना आज आपल्याला सणांची जुनी नावे मिळाली नसती, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि त्यांचा कालनिर्णयाचा युक्तिवाद पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही आणि मूळ-प्रभाव ही विभागणी या समाजाच्या धर्मजीवनाला न्याय देत नाही. नावे, पदार्थ आणि विधी यांतून दिसतो तो मराठीतून जगला गेलेला ज्यू धर्म. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. शासनदरबारी ही नोंद झाली असली, तरी मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत ती अद्याप व्हावयाची आहे. 1874 ची हग्गादा, इस्रायली कीर्तने आणि राजपूरकरांची भाषांतरे ही एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य-पद्याची साधने आहेत. पदव्युत्तर स्तरावर भाषांतरित वाङ्मय शिकवताना ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या बायबल-भाषांतराशेजारी त्यांना स्थान दिल्यास त्या कालखंडाचे आपले चित्र अधिक पूर्ण होईल. बिरड्याचा सण हा शब्द कोशात आणि वर्गात आणणे हे मराठीच्या अध्यापकांचे काम आहे. ते इतर कोणी करील अशी अपेक्षा करता येणार नाही.