पाहण्याआधीच लागलेला निकाल: 'आदिपुरुष'चे चाहते, लेखक आणि आपण

(भोकर येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

जुलै २०२५ मध्ये नितेश तिवारी यांच्या 'रामायण' चित्रपटाची पहिली झलक आली. पहिला भाग २०२६च्या दिवाळीला येणार, असं जाहीर झालं. झलक आली त्याच दिवशी माझ्या मोबाईलवर दोन निकाल येऊन पडले. एका माजी विद्यार्थ्यानं लिहिलं, "सर, इतिहास घडणार." दुसऱ्यानं लिहिलं, "सर, पुन्हा 'आदिपुरुष' होणार." दोघंही हुशार, वर्गात पहिल्या बाकावर बसणारे. सिनेमा दोघांनीही पाहिलेला नव्हता, कारण पाहायला तो तयारच नव्हता.

मला आज याबद्दल बोलायचंय. जी कलाकृती अजून जन्मायची आहे, तिच्याबद्दल आपण जे बोलतो ते नेमकं काय असतं? मत असतं, निकाल असतो, की आणखी काही? 'आदिपुरुष'चं प्रकरण आता पुरतं संपलेलं आहे, म्हणून तेच तपासायला घेऊ.

आधी हकिकत. २ ऑक्टोबर २०२२ला अयोध्येत, शरयूच्या काठी टीझर दाखवला गेला. दिग्दर्शक ओम राऊत, आपले मराठी. 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी' करून आलेले. हनुमंत झालेले देवदत्त नागे, म्हणजे 'जय मल्हार' मालिकेतले आपले खंडोबा. संगीतात अजय-अतुल. राम झाला होता प्रभास. आपल्या भोकरपासून तेलंगण काही लांब नाही. 'बाहुबली'नंतर प्रभास इथल्या पोरांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. संवाद आणि हिंदी गीतं लिहिणारे मनोज मुंतशिर.

टीझर आला आणि कल्लोळ झाला. रावणाची दाढी अशी का? केस असे का? हनुमंताच्या अंगावर चामडं का? चित्रं कार्टूनसारखी का दिसतात? मध्य प्रदेशच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनीसुद्धा चामड्याच्या पोशाखावर आक्षेप घेतला. दिग्दर्शक म्हणाले, हा सिनेमा मोठ्या पडद्यासाठी आहे, मोबाईलसाठी नाही. लेखक गप्प बसले नाहीत. प्रत्येक युगातल्या दुष्टपणाला त्या युगाचा चेहरा असतो, अशा आशयाचं बोलून त्यांनी रावणाच्या रूपाची बाजू घेतली. नोव्हेंबरमध्ये निर्मात्यांनी १२ जानेवारी २०२३ची तारीख मागे घेऊन १६ जून दिली. पाच महिने चित्रांची डागडुजी झाली.

आणि १६ जूनला सिनेमा आला तेव्हा काय झालं? पहिले तीन दिवस प्रचंड गर्दी, सोमवारी गल्ला कोसळला. चित्रांवर टीका झालीच, पण लोक खवळले ते संवादांवरून. लंकादहनाच्या प्रसंगात हनुमंत इंद्रजिताला गल्लीतल्या भांडणासारखा बाप काढून बोलतो. थेटरातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडी दाढी नव्हती, ते वाक्य होतं.

इथं जरा थांबा. आठ महिने आपण सगळे ओरडत होतो. कशावर? दाढीवर, चामड्यावर, चित्रांवर. पुढं खरा घाव बसला शब्दांवर, आणि शब्दांबद्दल आपण कुणीच काही विचारलं नव्हतं. कसं विचारणार? दीड-पावणेदोन मिनिटांच्या तुकड्यात रूप दिसतं. कोण कुणाशी कुठल्या प्रसंगी कसं बोलतो, हे त्यात कळत नाही. म्हणजे पाहण्याआधीचा निकाल चुकतोच असं नाही. पण जेवढं दिसलं तेवढ्यापुरताच तो असतो, आणि आपण तो सगळ्या कृतीवर लावतो.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. त्याच नोव्हेंबरात प्रशांत वर्मांच्या तेलुगू 'हनु-मान'चा टीझर आला. हा तर उघडउघड सुपरहिरोचा सिनेमा. पैसा 'आदिपुरुष'च्या मानानं फारच थोडा. लोकांनी टीझर पाहिला आणि म्हणाले, यात जीव आहे. जानेवारी २०२४ मध्ये सिनेमा आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे चाहत्याचं नाक तिखट असतं. फक्त नाकाला वास येतो. चव घ्यायला घास तोंडात जावा लागतो.

आता प्रश्न असा, की चाहता एवढा चिडतो कशासाठी? परक्या माणसानं परक्या गोष्टीवर काढलेला सिनेमा वाईट निघाला, तर आपण खांदे उडवतो. इथं जिवाला का लागतं? याचं उत्तर मला हजार वर्षांपूर्वीच्या एका काश्मिरी माणसाकडं सापडलं. अभिनवगुप्त. नाट्यशास्त्रावरच्या 'अभिनवभारती' या टीकेत तो रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगतो. त्यातली दोन आज घेऊ.

पहिलं विघ्न, संभावनाविरह. समोर दिसतंय ते घडू शकतं, असं प्रेक्षकाला वाटलंच नाही, तर त्याचं मन तिथं टेकत नाही. मग माणूस समुद्र ओलांडतो, हे कोण मानणार? अभिनवगुप्त म्हणतो, अशा अलौकिक करणीसाठी रामासारखा प्रख्यात नायक घ्यावा. त्याच्याबद्दलचा विश्वास लोकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या खोल रुजलेला असतो, आणि तो विश्वास ती उडी खरी करतो.

बघा, सुपरहिरोच्या सिनेमाचं सगळं गणित यात आलं. 'बाजी' नावाचा मराठी सुपरहिरो २०१५ मध्ये आला, त्याला हा विश्वास शून्यापासून उभा करणं भाग होतं. रामायणावर सिनेमा काढणाऱ्याला तो आयता मिळतो. तुमच्या आजीनं जात्यावर, आमच्या गावच्या कीर्तनकारानं देवळात, १९८७-८८ मध्ये दूरदर्शनच्या रविवारांनी जमवून ठेवलेलं हे भांडवल आहे. दिग्दर्शक ते उसनं घेतो. चाहता चिडतो तो गिऱ्हाईक म्हणून नाही, सावकार म्हणून. त्याचं काहीतरी तिथं गुंतलेलं असतं. म्हणून "सिनेमाच तर आहे, एवढं काय मनावर घेता" हे मला पटत नाही. ज्याचं उसनं आणलं, त्याला विचारायचा हक्क आहे.

आणि इथंच लेखकांचं बोलणं मला खटकलं. प्रदर्शनाआधी प्रत्येक थेटरात हनुमंतासाठी एक खुर्ची रिकामी ठेवण्याची घोषणा झाली होती. म्हणजे उसनवारी वाजतगाजत घेतली. सिनेमा लागून लोक रागावले, तेव्हा मुंतशिर म्हणाले की आम्ही रामायण बनवलेलंच नाही, आम्ही त्यापासून फक्त प्रेरणा घेतली. हे कसं चालेल? घेताना रामायण आणि फेडताना प्रेरणा?

त्यांचा दुसरा युक्तिवाद जास्त विचार करण्यासारखा आहे. त्यांचं म्हणणं, संवाद मुद्दाम सोपे ठेवले, आपल्या आज्या आणि कथेकरी याच भाषेत गोष्टी सांगत. यातला अर्धा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. देवाची गोष्ट जडजंबाळ भाषेतच सांगावी, असं मराठवाड्याचा माणूस म्हणूच शकत नाही. पैठणच्या नाथांनी भारुडात विंचू आणला, रस्त्यावरचा माणूस त्याच्या बोलीसकट आणला, आणि 'भावार्थ रामायण'ही लोकांच्या मराठीत लिहिलं. पण सोपं वेगळं आणि उथळ वेगळं. भारुडात जे पात्र जसं बोलतं, तसं ते का बोलतं हे नाथांना पक्कं ठाऊक असतं.

आता हनुमंत कसा बोलतो ते पाहा. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात राम आणि हनुमान पहिल्यांदा भेटतात. भेटल्यावर राम लक्ष्मणाला काय सांगतो? याचे बाहू बघ, असं नाही सांगत. तो सांगतो, याचं बोलणं ऐक. इतकं बोलला, पण एक शब्द वावगा नाही. वेदांचा आणि व्याकरणाचा अभ्यास असल्याशिवाय कुणी असं बोलू शकत नाही. रामाला हनुमंताची पहिली ओळख पटते ती वाणीवरून. सुपरहिरोच्या साच्यात घालताना त्याचं बळ ठेवलं आणि वाणी काढून घेतली. माझ्या मते सिनेमाचा मूळ दोष हा आहे. पावित्र्य बिघडलं की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी पात्राची जाण चुकली, हे उरतंच. टीका करायची तर ती अशी करता येते, कुणाला धमकी न देता. लेखकाला पोलीस संरक्षण घ्यावं लागलं, ही आपल्या सगळ्यांसाठी शरमेची गोष्ट आहे. सावकाराला हिशेब मागता येतो, ऋणकोच्या जिवावर उठता येत नाही.

पुढं काही वाक्यं बदलली गेली, आणि ८ जुलैला मुंतशिर यांनी हात जोडून माफी मागितली. मी त्यांना याचं श्रेय देतो. फक्त वाटतं, की आधी इतकं बोलले नसते तर बरं झालं असतं. लेखकाचा हेतू कृतीत उतरला असेल तर तो सांगावा लागत नाही. उतरला नसेल, तर मुलाखतीत सांगून तो कृतीत शिरत नाही.

नाथांचीच गोष्ट घ्या. परंपरा असं सांगते की भागवताचे सुरुवातीचे काही अध्याय लिहून झाले होते, त्याची प्रत काशीला पोचली आणि तिथले पंडित खवळले. भागवत, आणि प्राकृतात? ग्रंथ पुरा व्हायच्या आधीच निकाल! नाथांना बोलावणं गेलं. नाथ गेले, आणि त्यांनी काशीतच राहून ग्रंथ पुरा केला. शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३. आक्षेपाला त्यांनी उरलेल्या अध्यायांनी उत्तर दिलं. मग त्याच पंडितांनी ग्रंथाची मिरवणूक काढली, असं सांगतात. त्यात नाथांचं मोठेपण आहेच, पण पंडितांचंही आहे. पुरा ग्रंथ ऐकल्यावर ते बदलू शकले.

यावरून अभिनवगुप्ताचं दुसरं विघ्न. तो म्हणतो, जो आपल्याच सुखदुःखात बुडालेला आहे, त्याचं मन दुसऱ्या वस्तूवर विसावू शकत नाही. आधीच ठरवून आलेला प्रेक्षक असाच असतो. त्याला सिनेमा दिसत नाही, त्याला आपलं बरोबर ठरणं दिसतं.

हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. 'आदिपुरुष'च्या टीझरची टिंगल करणारी एक चित्रफीत मी स्वतः चाळीसेक जणांना पुढं ढकलली होती. जूनमध्ये नातवाला घेऊन नांदेडला सिनेमा पाहायला गेलो. तो तेव्हा अकरा वर्षांचा. दर पाच मिनिटांनी मी त्याच्या कानात पुटपुटत होतो, बघ, म्हटलं नव्हतं? मध्यंतरात तो म्हणाला, "आबा, तुम्हाला आधीच सगळं माहीत होतं, तर आलात कशाला?" चाळीस वर्षं मी तत्त्वज्ञान शिकवलं. त्या पोराला उत्तर देता आलं नाही.

उत्तरार्धात मी गप्प बसलो. सिनेमा काही सुधारला नाही. पण इंद्रजितासमोरचं ते वाक्य आलं तेव्हा मी ते खरोखर ऐकलं, आणि वाईट वाटलं. पहिल्या अर्ध्या भागात मला वाईट वाटत नव्हतं, मजा वाटत होती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. वाईट वाटण्यासाठीसुद्धा आधी मन मोकळं असावं लागतं.

म्हणून येणाऱ्या 'रामायणा'बद्दल त्या दोन विद्यार्थ्यांना मी एवढंच कळवलं. झलक पाहून भीती वाटली तर "मला भीती वाटते" म्हणा. आशा वाटली तर "आशा वाटते" म्हणा. ते खरं आहे, आणि तो तुमचा हक्क आहे. निकाल मात्र पाहून झाल्यावर द्या, आणि चूक ठरायची तयारी ठेवून तिकीट काढा.

नातू आता चौदाचा होईल. दिवाळीला पुन्हा त्याच्या शेजारी बसायचं ठरलंय. अट एकच घातलीय त्यानं, की मी मध्ये बोलायचं नाही.