माध्यम आणि परिभाषा : उस्मानिया प्रयोगाच्या निमित्ताने

उच्च शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न आपल्याकडे ‘इंग्रजी की मातृभाषा’ अशा द्वंद्वात मांडण्याची प्रथा आहे. मराठवाड्याच्या इतिहासाला ही मांडणी लागू पडत नाही. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून ठेवली; अध्यापन मात्र, वैद्यकाचेसुद्धा, उर्दूतून केले. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ या अनुवाद-संस्थेने शेकडो ग्रंथ सिद्ध केले. निजामी राज्यातील मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांची उर्दू ही मातृभाषा नव्हती, हा या प्रयोगावरील आक्षेप रास्तच आहे. तो येथेच सोडून देतो. कारण प्रयोगाचा अभ्यसनीय भाग निराळा आहे.

परिभाषेच्या घडणीवर वहीदुद्दीन सलीम यांनी लिहिलेला ग्रंथ 1921 साली तत्कालीन औरंगाबादेतून प्रसिद्ध झाला. उर्दू ही आर्यकुलातील भाषा असल्याने तिच्या घटनेला मानवतील असे समास व प्रत्यय योजावेत, केवळ अरबी धातूंवर विसंबू नये, असा त्यांचा आग्रह होता. भूमिका शास्त्रशुद्ध खरी; परंतु तिच्यात परिभाषेला जे महत्त्व मिळाले ते मला अवास्तव वाटते. अरबी नामे घेऊनही उर्दूतील अध्यापन चालले, कारण वाक्य उर्दूचे होते. पाठ, पुस्तक आणि उत्तरपत्रिका यांची वाक्यरचना एकच होती. 1948 नंतर इंग्रजी आली आणि ही एकता भंगली.

पडेगावहून येणाऱ्या एका विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने मला सांगितले : “रेझिस्टन्स वाढला की करंट कमी होतो, कारण व्होल्टेज तेवढेच राहते.” नामे तिन्ही परकी, परंतु ‘की’, ‘कारण’ आणि क्रियापदे, म्हणजे विचाराचा सारा सांधा, मराठी. उत्तरपत्रिकेत त्याने इंग्रजी व्याख्या पाठ लिहिली होती, आणि अट नेमकी गाळली होती! परीक्षकाने त्यास विषय कळला नाही असे ठरविले, तर तो निर्णय भाषेचा की पदार्थविज्ञानाचा?

आमचे कोशकार ‘रोध’ शुद्ध की ‘प्रतिरोध’, या वादात रमतात. 2021 साली अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने संमती दिली, तेव्हाही ‘शब्द कोठे आहेत?’ हीच पृच्छा प्रथम झाली. शब्द वर्गात आहेत, विभक्तिप्रत्ययांसह आहेत : ‘करंटला’, ‘रेझिस्टन्समुळे’. हीच वाक्ये उत्तरपत्रिकेत ग्राह्य धरावीत, एवढा नियम परीक्षा-मंडळांना कोश पूर्ण होण्याआधीही करता येण्यासारखा आहे.