प्रस्थानापूर्वीचे वाचन

प्रवासास निघण्याचा मुहूर्त साधत नसेल तर एखादे वस्त्र, सुपारी किंवा तांदळाची पुरचुंडी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवावयाची आणि आपण मागाहून सवडीने निघावयाचे, ह्यास आपल्याकडे प्रस्थान ठेवणे म्हणतात. वस्तू पुढे जाते, माणूस मागून जातो. मराठी प्रवासवर्णने वाचताना आम्हांस ह्या चालीची हटकून आठवण होते. कारण आमच्या लेखकांचे मन घरच्या ओटीवर असताना जितका प्रवास करून येते, तितका पुढे बोटीवर चढल्यावर करीत नाही, असा आमचा अनुभव आहे. हा दोष की गुण, ह्याचा निवाडा करण्याचा प्रसंग मात्र आम्हांवर आजवर आला नव्हता. तो नुकताच गणेशपुरीस आला.

आमचे एक चुलतबंधू शाळेतून निवृत्त होऊन गणेशपुरीस राहतात. भीमेश्वराच्या देवळाजवळील उन्ह पाण्याच्या कुंडांनी गुडघे बरे राहतात, हे त्यांचे तेथे राहण्याचे कारण. ह्या दादांनी आणि वहिनींनी येत्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रातील आठ दिवसांच्या जलविहाराची, म्हणजे आता सर्वतोमुखी झालेल्या ‘क्रूझ’ची, जागा राखून ठेविली आहे. दोघांपैकी कोणीही भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यापलीकडे समुद्रावर पाऊल ठेविलेले नाही, आणि पुन्हा इतके पैसे जमतील असे दोघांसही वाटत नाही. आम्ही गेलो त्या सायंकाळी वहिनींनी प्रवासी कंपनीची पत्रिका आमच्यापुढे ठेविली आणि विचारले, “भावोजी, तुम्ही एवढी पुस्तके वाचता. ह्या समुद्राविषयी मराठीत काय वाचून जावे, तेवढे सांगा.”

प्रश्न साधा होता. उत्तर देताना आमची त्रेधा उडाली. पुढील खेपेस आम्ही पुस्तकांचा एक भारा घेऊन गेलो, आणि तो सोडता सोडता आमच्या असे ध्यानात आले की, ज्या समुद्रातून मराठी माणूस शंभर वर्षे विलायतेस जात-येत होता, त्या समुद्राकडे त्याने फारसे पाहिलेलेच नाही. गंगाधर गाडगीळांच्या पुस्तकाचे नाव घ्या: ‘साता समुद्रापलीकडे’. समुद्र मोजले ते ओलांडण्यासाठी. अनंत काणेकरांचे १९४० सालचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ घ्या. नावात एका टोकास लंडनचे धुके, दुसऱ्या टोकास रशियाचा तारा. दोन्ही पुस्तके आम्हांस प्रिय आहेत आणि त्यांच्या लेखकांचे डोळे तीक्ष्ण आहेत ह्यात शंकाच नाही. पण १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला आणि भूमध्य समुद्र हा मुंबई व लंडन ह्यांमधील बोळ होऊन बसला. बोळातून जाणारा मनुष्य पुढल्या चौकाचाच विचार करीत असतो.

बोळाच्या अलीकडचे जे लेखन, ते मात्र आमच्या भाषेत खरोखर समृद्ध आहे. पंडिता रमाबाई २० एप्रिल १८८३ रोजी मुंबईहून निघाल्या. सोबत मनोरमा ही तान्हेपणातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘इंग्लंडचा प्रवास’ पत्ररूप आहे, आणि त्या पत्राचा आरंभ समुद्राने होत नाही. आपण का निघालो ह्याच्या खुलाशाने होतो. तो खुलासा आज वाचताना अंगावर काटा येतो. समुद्रयान कलिवर्ज्य मानलेल्या समाजात, पुरुष परतले तर प्रायश्चित्त घेत, अशा काळात एका विधवेने लहान मूल घेऊन निघावे, आणि निघताना लोकांस कारण सांगावे लागावे! उत्कंठा तेथे आहे, पण तिला भीतीची आणि निश्चयाची धार आहे. ह्याच्या नेमके उलट टोक म्हणजे पु. ल. देशपांडे ह्यांची १९६० सालची ‘अपूर्वाई’. तिच्या आरंभी निघण्याच्या तयारीची आणि गावभरच्या सल्ल्यांची जी धमाल आहे, ती पुढील सगळ्या विलायतेस पुरून उरते, असे आमचे मत आहे; ते पुष्कळांस पटणार नाही हे ठाऊक असूनही आम्ही ते नोंदवितो. पाऊणशे वर्षांत प्रायश्चित्ताच्या जागी टाय बांधण्याची धास्ती आली, एवढा बदल ह्या दोन पुस्तकांच्या पहिल्या पानांवरून दिसतो.

मग बोटीच गेल्या. १९६७ ते १९७५ सुवेझ बंद राहिला, विमाने स्वस्त झाली, आणि बॅलार्ड पियरवरून हार घालून निरोप देण्याची चाल इतिहासजमा झाली. अलीकडच्या लेखकांत मीना प्रभु ह्यांनी ह्या समुद्राच्या किनाऱ्यांना एकामागून एक भेट दिली. ‘ग्रीकांजली’, ‘तुर्कनामा’, ‘रोमराज्य’, ‘इजिप्तायन’ ही सारी त्यांचीच. मराठी बाईने एकटीने इतके हिंडावे आणि इतके निर्भीडपणे लिहावे, हे कौतुकास्पद आहे; वहिनींच्या भाऱ्यात आम्ही ही पुस्तके सर्वांत वर ठेविली. तरी एक बारीक तक्रार आहेच. ग्रीस, तुर्कस्तान, इटली, मिसर ही एकाच तळ्याभोवती बसलेली घरे. घरोघरचा पाहुणचार झाला. मधल्या तळ्याचे पुस्तक राहिले. जो समुद्रातूनच जाणार आणि समुद्रासाठीच जाणार, त्याला कोणी काही सांगितले आहे काय?

ह्या प्रश्नाचे जवळपासचे उत्तर आम्हांस अनपेक्षित ठिकाणी मिळाले. विनायक दामोदर सावरकर जून १९०६ मध्ये ‘पर्शिया’ बोटीने निघाले. त्या प्रवासाची हकीकत त्यांच्या उत्तरायुष्यात प्रसिद्ध झालेल्या ‘शत्रूच्या शिबिरात’ ह्या पुस्तकात आहे. पुस्तकाचा राजकीय भाग बाजूस ठेवून केवळ प्रवासवर्णन म्हणून आरंभीची प्रकरणे वाचावीत, अशी आमची शिफारस आहे. घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन एडनहून परत फिरू पाहणारा एक तरुण सोबती त्यांत आहे, रात्रीच्या डेकवरचे आकाश आहे. आणि मार्सेय येते. तेथे उतरणाऱ्या ह्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला बाजार किंवा देऊळ पाहावयाचे नसते. १८३१ साली मॅझिनीने ‘तरुण इटली’ ही संस्था ज्या गावी स्थापिली, त्या गावी तो कोठल्या घरात लपून राहत असे, हे त्याला हवे असते. वाटाड्याला विचारावे, तर त्या बिचाऱ्याने मॅझिनीचे नावही ऐकलेले नसते.

हा प्रसंग आम्हांस भूमध्य समुद्राविषयीच्या मराठी लेखनातील सर्वांत बोलका वाटतो. शोध निष्फळ झाला. परंतु बोटीवरून उतरणाऱ्या त्या शेकडो लोकांत असा एक होता की ज्याच्यापाशी त्या बंदराला विचारण्याजोगा स्वतःचा एक प्रश्न होता, आणि तो प्रश्न त्याने नाशिक-पुण्याहून बरोबर आणिला होता. पुढे १९०७ मध्ये त्यांनी भाषांतरिलेले मॅझिनीचे आत्मचरित्र पुण्यास छापले गेले, आणि ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून निसटून ते त्याच मार्सेयच्या किनाऱ्यास लागले, लगेच धरलेही गेले. बंदर तेच. पहिल्या खेपेस त्यांनी तेथे दुसऱ्याचे लपण्याचे घर शोधले होते, हे ध्यानी घेऊन दुसरी खेप वाचावी.

वहिनींच्या पत्रिकेत मार्सेय आहे. ‘सकाळी आठ वाजता आगमन, सायंकाळी सहा वाजता प्रयाण.’ ह्यापलीकडे ह्या पत्रिकेच्या वाङ्मयीन गुणांविषयी बोलण्याजोगे थोडेच आहे. बोटीचे मजले किती, पोहण्याचे तलाव किती, जैन भोजनाची सोय आहे किंवा कसे, हे सारे तीत बारकाईने दिले आहे. प्रत्येक बंदर ‘निसर्गरम्य’ व ‘ऐतिहासिक’ आहे. कोठल्या बंदरात कोठला इतिहास, हे सांगण्याचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत. चिविताव्हेक्किया ह्या बंदरापासून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे, म्हणजे हातातील दहा तासांपैकी तीन तास वाटेतच जाणार, हेही नाही.

आम्ही असे काहीबाही बोलत होतो. वहिनींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही ह्या कागदाला नावे ठेवता, पण गेले तीन महिने मी तो रोज रात्री वाचते. ह्यात काही नाही म्हणूनच मला त्यात सगळे घालता येते. तुमच्या पुस्तकांत सगळे आधीच घातलेले असते.”

ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. टीकाकाराच्या धंद्यात हा प्रसंग क्वचित येतो की, ज्या मजकुराला आपण रिकामा म्हणून निकालात काढिले, त्याच्या रिकामेपणावरच कोणा वाचकाचे सुख उभे असावे. एवढे मात्र आम्ही म्हणालो की, घालावयाचे तर आपल्या घरचे घालावे.

घरचे म्हणजे काय, हे गणेशपुरीत बसून सांगणे सोपे होते. अंगणापलीकडून वाहणारी तानसा पुढे वैतरणेस मिळते आणि ते पाणी अर्नाळ्यापाशी समुद्रात जाते. त्याच्या दक्षिणेस सोपारे, आणि भिवंडीच्या शेजारी कल्याण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसरमधील एका ग्रीक भाषिक नावाड्या-व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या प्रवासपुस्तिकेत ही दोन्ही बंदरे सुप्पारा व कल्लिएना ह्या नावांनी आली आहेत. कार्ल्याच्या लेण्यांतील कित्येक खांब यवनांनी दान केल्याचे त्यांवर कोरलेले आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवाची काशाची लहानशी मूर्ती सापडली. ती तेथील टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. ज्या समुद्राच्या भेटीस आमच्या वहिनी निघाल्या आहेत, त्याचा देव दोन हजार वर्षांपूर्वीच पंचगंगेकाठी येऊन राहिला आहे.

आणि ह्याची परतफेड नेपल्सला आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात १९३८ साली एक वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर दागिन्यांची दाटी, दोन बाजूंस दोन लहान दासी. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता पुष्कळ जण यक्षी म्हणतात. ती भारतातून गेली ह्याविषयी वाद नाही. नेमकी कोठून, ह्याविषयी आहे; परंतु तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्यामुळे ती आमच्याच मुलखातून गेली असावी, असे मानणारा एक पक्ष आहे. आम्ही अर्थातच त्या पक्षाचे. तेरच्या किंवा भोकरदनच्या एखाद्या कारागिराच्या हातचे ते काम असेल तर समुद्र ओलांडणारी पहिली मराठमोळी बाई ती. तिला कोणी प्रायश्चित्त विचारले नाही.

दादा इतका वेळ गुडघ्यांस तेल चोळीत होते. त्यांना इतिहासापेक्षा पाण्याविषयी जिज्ञासा अधिक. तेथे भरती-ओहोटी असते काय, असे त्यांनी विचारले. भिवंडीच्या खाडीवर वाढलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न असावयाचाच. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते; सहा तासांत समुद्र जातो आणि चिखल उघडा पडतो. भूमध्य समुद्राचे महासागराकडील तोंड जिब्राल्टरपाशी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे तेथे बहुतेक किनाऱ्यांवर भरती वीतदोन वितींपलीकडे जात नाही. घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात त्या ह्याच कारणाने. “म्हणजे तो समुद्र जागचा हलतच नाही?” दादा म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसले. आमच्या एकाही प्रवासवर्णनकाराने हा प्रश्न विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. कोकणी माणसाने लिहिलेल्या भूमध्य समुद्राच्या पुस्तकाची सुरुवात येथून व्हावी.

एक गोष्ट आणखी सांगण्याजोगी. १९७० नंतरच्या काळात ह्याच गणेशपुरीस युरोप-अमेरिकेतील माणसे मोठ्या संख्येने येऊ लागली. वहिनी तेव्हा नव्या नवऱ्या होत्या; त्या आठवण सांगतात की, ती माणसे तानसेकडेही अशी पाहत, जणू आयुष्यभर ह्याच नदीची वाट पाहिली. “मला तेव्हा हसू येई,” त्या म्हणाल्या. “आता वाटते, आपणही तेथे उतरलो की तेथल्या बायकांना हसू येईल.”

दिवे लागल्यावर वहिनींनी पेन्सिल घेऊन पत्रिकेतील नेपल्सपुढच्या कोऱ्या जागेत काही लिहिले. दादांनी व्यवहाराचा प्रश्न काढिला: धक्क्यापासून ते संग्रहालय किती लांब? आम्ही नकाशा उलगडला. दोन किलोमीटरांच्या आसपास. चालवत नसेल तर बंदराजवळच्या म्युनिचिपिओ स्थानकावर भुयारी गाडीत बसावे, तिसऱ्या स्थानकाचे नावच ‘म्युझिओ’ आहे. मात्र मंगळवारी ते संग्रहालय बंद असते, हे आम्हांस त्याच वेळी आठवले आणि आम्ही बोलून गेलो. वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी पत्रिका दिव्याजवळ धरून नेपल्सचा वार पाहिला.

बुधवार होता.