चेंडू गेला कुठे?

गेल्या मोसमात आयपीएलचा एक सामना मी फोन पालथा ठेवून ऐकला. कांद्याची पात निवडायला बसलो होतो, हात मोकळे नव्हते. समालोचन मराठीच होतं. 'कडक!', 'नाद खुळा!', 'विषय हार्ड!', मग तिघांचं हसणं, मग कुणाला तरी आठवलेली मिसळ. या गडबडीत एक चौकार गेला. कव्हरमधून गेला की फाइन लेगला? फलंदाज पुढे आला होता की मागे? पात निवडून झाली, षटक संपलं, चेंडू काही सापडला नाही.

आयपीएल मराठीतून ऐकू यायला लागलं तेव्हा मीच चार जणांना फोन करून सांगितलं होतं, त्यामुळे माझा राग मराठीवर नाही. राग आहे तो टेकून उभं राहण्यावर. हे समालोचन पडद्याला टेकलंय. पडदा काढला की ते आडवं होतं. दिसणाऱ्या गोष्टीवर शेरे मारायला दोन मित्र आणि चहा पुरतो. न दिसणारी गोष्ट उभी करायला समालोचक लागतो, आणि ती जात आपण दूरदर्शन आल्यापासून हळूहळू घालवली.

जुनी नावं इथे पुन्हा ओवाळत बसत नाही. बॉबी तल्यारखान 1934 च्या चौरंगी स्पर्धेपासून माइकवर, तेही एकटेच; शेजारी दुसरा समालोचक त्यांना खपत नसे. विझींना ज्यांनी ऐकलं नाही ते सुखी. सुरेश सरैया, अनंत सेटलवाड यांचं इंग्रजी ऐकून आमच्या पिढीने इंग्रजी सुधारलं, क्रिकेट नव्हे. हिंदीत जसदेव सिंग आणि सुशील दोशी. दोघांचाही आवाज खेळाच्या अर्धा पाऊल पुढे धावायचा, आणि ते अनेकदा हवंहवंसं वाटायचं.

मराठीत मात्र बाळ ज. पंडित. स्वतः रणजी खेळलेला माणूस आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगतो, याचं अप्रूप आजच्या पोरांना कळणार नाही. त्या शाळेची शिस्त साधी होती. गोलंदाज कुठल्या टोकाकडून येतोय ते आधी सांगायचं. मग क्षेत्ररचना: स्लिपमध्ये किती, पॉइंट आहे का, मिडऑन किती मागे. म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधी मैदान आखून द्यायचं आणि मग त्यात चेंडू सोडायचा. 'गॅपमधून चौकार' म्हटलं की ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेल्या माणसाला ती फट आधीच दिसलेली असायची. चेंडू सीमेपार जाईपर्यंतचे दोन-तीन सेकंद गप्प राहून प्रेक्षकांचा आवाज आत येऊ द्यायचा, हेसुद्धा त्यातच आलं. आज ती शांतता कुणाला सोसत नाही.

ही शाळा बंद पडली असं लोक मानतात. मला ते पटत नाही, कारण ती मला कोल्हापुरात भेटते, लाल मातीत. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान वाटीसारखं आहे. मधे हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, मागच्यालाही कुस्ती दिसावी म्हणून. म्हणजे इथे दिसण्याची अडचण नाही. तरीही भोंग्यावर निवेदक लागतोच. हलगी-घुमकं वाजत असतं, जोड सलामी देते, खडाखडी सुरू होते आणि वरून आवाज येतो: पोरगा कुठल्या गावचा, कुठल्या तालमीतला, वस्ताद कोण, आजोबा कुणाशी लढले होते. तेवढ्यात खाली एकेरी पट निघतो. निवेदक वाक्य तिथेच तोडून 'पट काढला, कब्जा घेतला, आता घिस्सा बघा' म्हणतो आणि घिस्सा खरोखर लागतो. डाव पूर्ण व्हायच्या आत त्याचं नाव घ्यायला माणसाने आयुष्य मातीशेजारी काढावं लागतं. शंकर पुजारींसारख्या निवेदकांनी हे काम इतकं वाढवलं की काही लोक कुस्तीपेक्षा त्यांना ऐकायला येत. अतिशयोक्ती असते, पाल्हाळ असतो, हरवलेल्या पोराची वर्दीही त्यातच. पण डोळे मिटून ऐका: कोण वर, कोण खाली, मान कुणाच्या काखेत, सगळं कळतं. कबड्डी-खोखोचं सध्याचं निवेदन यापुढे नुसती गुणांची पुकारणी आहे.

मग हे रेडिओवर का नाही? कुणी म्हणेल, स्वतंत्र क्रीडा रेडिओ हवा तर अमेरिकेकडे बघा. न्यूयॉर्कला 1 जुलै 1987 रोजी डब्ल्यूएफएएन हे केंद्र निघालं, चोवीस तास खेळच खेळ. श्रोते फोन करतात आणि संघाच्या मॅनेजरला शिव्या घालतात. ते काम आपल्याकडे कट्ट्यावर फुकट होतं. शिवाय त्या केंद्रावर सुरुवातीपासून बेसबॉलच्या मेट्स संघाच्या सामन्यांचं थेट वर्णन होतं, हे दाखला देणारे सोयीने विसरतात. गप्पा होत्या त्या सामन्याभोवती.

आता खरं दुखणं. खासगी एफएमवाले विचारलं की सांगतात, आम्हाला परवानगी नाही. खोटं आहे. 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या एफएम धोरणात स्थानिक स्वरूपाच्या खेळांच्या थेट धावत्या वर्णनाला मुभा दिलेली आहे. मोठे सामने नकोत, त्यांचे हक्क महाग. पण खासबागेतलं मैदान, जत्रेतली कुस्ती, तालुक्याची कबड्डी यांना कुणी अडवलंय? इतक्या वर्षांत मी गाडीत बसून एफएमवर एक निकाली कुस्ती ऐकलेली नाही. ऐकलं काय, तर तीच बारा गाणी आणि नवऱ्याला फोनवर बनवण्याचा तोच विनोद. आकाशवाणीचंही तेच. 2007 च्या कायद्याने मोठ्या सामन्यांचं प्रसारण खासगी कंपन्यांना प्रसार भारतीला वाटून द्यावं लागतं, म्हणजे दिल्लीहून आयतं येतं. मग जिल्ह्याच्या केंद्रातून माइक घेऊन मैदानावर जाईल कोण?

शेवटचा बचाव जाहिरातींचा. मातीतल्या खेळाला प्रायोजक नाही म्हणे. या मंडळींनी एकदा हौद्याशेजारी बसावं. कुस्ती रंगात आली की बैठकीतून माणूस उठतो, निवेदकाच्या हातात चिठ्ठी देतो, आणि भोंग्यावरून पुकारा होतो: अमुक गावच्या तमुक पाटलांकडून विजेत्याला पाचशे एक रुपये. पाटलांचं नाव दोनदा घेतलं जातं. नाही घेतलं तर ते पुन्हा चिठ्ठी पाठवतात. त्यांच्यामागे दूध संस्थेचा चेअरमन, त्याच्यामागे ट्रॅक्टरचा डीलर, रात्री नऊपर्यंत रांग हलत नाही. पैसे देऊन नाव ऐकवून घ्यायला उभी असलेली ही माणसं तुमच्या रेटकार्डात कुठल्या रकान्यात बसतात, तेवढं सांगा.