पेशीला शत्रू माहीत नसतो

रोगप्रतिकारशक्ती सोपी करून सांगायला बसलं की तिचं युद्ध होतंच. त्वचा म्हणजे तटबंदी, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, विषाणू म्हणजे घुसखोर. कोविडच्या काळात वर्तमानपत्रं, काढ्याच्या जाहिराती आणि व्हॉट्सॲप फॉरवर्ड हे सगळे एकाच छावणीत जाऊन बसले होते. 'कुर्त्सगेझाग्ट' या यूट्यूब चॅनेलचा संस्थापक फिलिप डेटमर याचं 'इम्यून' (२०२१) हे या शैलीतलं गाजलेलं पुस्तक. मी ते आवडीने वाचलं, मित्रांनाही वाचायला लावलं. माझी तक्रार पुस्तकाबद्दल कमी आणि रूपकाबद्दल जास्त आहे. युद्धाला दोन बाजू लागतात, 'आपण' आणि 'ते'. पेशीच्या आत डीएनए हुडकणारी जी यंत्रणा आहे, तिथे पोचल्यावर या बाजू सापडेनाशा होतात.

यंत्रणा अशी. आपल्या पेशीत डीएनए केंद्रकात असतो, थोडासा मायटोकाँड्रियात. त्याबाहेर, म्हणजे पेशीद्रवात, तो सहसा नसतो. तिथे तो आढळला तर सीगॅस नावाचं एन्झाइम त्याला चिकटतं आणि सीगॅम्प हा छोटा रेणू तयार करतं. तो रेणू स्टिंग या प्रथिनाला जाऊन भिडतो आणि मग इंटरफेरॉनची दवंडी पिटली जाते. स्टिंगचं काम २००८ मध्ये उजेडात आलं. सीगॅस शोधलं ते डॅलसमधल्या जेम्स चेन यांच्या प्रयोगशाळेने, २०१२च्या अखेरीस.

गंमत अशी की सीगॅस डीएनएची अक्षरं वाचत नाही. दुपदरी डीएनएचा कणा तेवढा धरतं. हर्पिसच्या विषाणूचा डीएनए असो की तुमच्याच फुटलेल्या मायटोकाँड्रियातून सांडलेला असो, त्याच्या लेखी फरक नाही. 'तू कोण?' असं ते विचारत नाही. 'तू इथे कसा?' एवढंच विचारतं. पुढे तर असंही दिसलं की सीगॅस खुद्द केंद्रकातही असतं. तिथे आपलाच डीएनए खच्चून भरलेला असूनही बोंब का होत नाही? २०२०च्या संशोधनांनी दाखवलं की डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, तीच सीगॅसला धरून ठेवतात.

हे नुसतं तांत्रिक बारकाव्याचं प्रकरण नाही. ऐकार्डी-गुतिएर सिंड्रोम नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. भरकटलेला डीएनए साफ करणाऱ्या ट्रेक्स-१ या एन्झाइमच्या जनुकातला बिघड हे त्याचं एक कारण, असं २००६ मध्ये कळलं. अशा बाळांच्या मेंदूची हानी गर्भात विषाणूसंसर्ग झाल्यासारखी दिसते. पण विषाणू नसतोच. अशा आजारांत घरच्यांच्या कानावर पडणारं ठरलेलं वाक्य म्हणजे 'शरीर स्वतःवरच हल्ला करतंय'. हे वाक्य क्रूर आहे आणि चुकीचंही. पहारेकरी त्याचं काम चोख करतोय, गैरहजर आहे तो झाडूवाला. युद्धाच्या कथेत झाडूवाल्याला भूमिकाच नसते, म्हणून मग फितूर शोधावा लागतो.

उत्क्रांतीचा इतिहास पाहिला की 'आपला सैनिक' या शब्दांतला 'आपला'ही डळमळतो. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या रोटेम सोरेक यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की जीवाणूंमधले, अगदी पटकीच्या जीवाणूतलेसुद्धा, सीगॅसचे नातलग विषाणूंपासून बचावाचं काम करतात. फाज, म्हणजे जीवाणूंना ग्रासणारा विषाणू, आत आला की हे एन्झाइम असाच संदेश-रेणू बनवतं. त्या इशाऱ्यावर पेशी स्वतःचंच आवरण फाडते आणि फाजची पिल्लावळ तयार होण्याआधी मरते. २०२० मध्ये जीवाणूंमधलं स्टिंगही सापडलं. समुद्रफुलांत स्टिंग आहे, पण इंटरफेरॉन नाही. फळमाशीतला सीगॅसचा एक भाऊबंद डीएनएऐवजी दुपदरी आरएनए हुडकतो. वटवाघळांनी तर स्टिंगची धार बोथट करून ठेवली आहे. ज्याला आपण आपलं सैन्य म्हणतो, ते आपण नव्हतो तेव्हापासून कुणाकुणाकडे वेगवेगळ्या कामांवर होतं.

आमच्या क्षेत्रातला माणूस इथे लगेच 'लेगसी कोड' म्हणेल. मोह मलाही होतो. पण कोड कितीही जुना आणि घाणेरडा असला तरी तो कुणीतरी कशासाठी तरी लिहिलेला असतो. इथे लिहिणारा नाही आणि रिक्वायरमेंटही नाही.

युद्धाच्या रूपकाची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. व्हॅक्सिनिया विषाणूकडे सीगॅम्प कापून टाकणारं पॉक्सिन नावाचं एन्झाइम आहे. अशी कुरघोडी खरीच चालते आणि तिला चढाओढ म्हणण्यात काही गैर नाही. अडचण होते ती एकच रूपक सगळीकडे चालवलं की.

मग पर्याय काय? 'जागच्या जागी' ही घरगुती कल्पना सीगॅसला जास्त जवळची वाटते. पण तीही जपून वापरावी लागेल. कुणाची जागा कुठे, हे ठरवून सोवळं-ओवळं पाळणाऱ्या समाजात हे शब्द निरागस नाहीत. शिवाय हिस्टोनने धरून ठेवलेलं सीगॅस सांगतंच की नुसत्या भिंतींनी भागत नाही.

विज्ञानलेखनात रूपकं राहणारच, त्यांच्याशिवाय वाचक पहिल्या पानापलीकडे जाणार नाही. लेखकाने फक्त ती कुठवर चालतात आणि कुठे थांबतात, तेही त्याच पानावर सांगावं. निदान त्या बाळाच्या आईबापांना 'हल्ला' हा शब्द ऐकवण्याआधी.